मंद्रूपचा बेल आणि मी

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका छोट्या संग्रहालयात, वनस्पती विभागात असतो. मी फार शक्तिशाली आहे, असं बाहेरच्या फलकावर लिहिलंय म्हणे. मी तो वाचलेला नाही. दूरचं मला दिसत नाही.

आलो तेव्हा मला हार घातला होता. त्यातलीच झेंडूची पाकळी उद्घाटनाला माझ्याखाली ठेवली. चित्र खरं, पण भुरकट आलं. पाहुण्यांचा चेहरा पडला. मग संग्रहालयाच्या साहेबांनी शेजारच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. कुठल्याशा परदेशी पानाची चित्रफीत: हिरव्यागार पेशी, आत फिरणारे ठिपके. टाळ्या पडल्या. तेव्हापासून माझ्याखाली काहीही ठेवा, पडद्यावर तेच पान. आजवर एकाचीही तक्रार नाही. लोक पडद्यासोबत सेल्फी काढतात.

मंद्रूपच्या शरणम्मा मात्र सेल्फीला आल्या नव्हत्या. नवऱ्यानं अंगणात लावलेला बेल वाळत चालला होता. नवरा आता नाही, आणि मुलगा शिवपुत्र ते झाड तोडून तिथं गाडीसाठी शेड घालणार होता.

"झाड जित्तं हाय का तेवढं दावा," त्या इथल्या शिपायाला, मुबीनला म्हणाल्या. त्यानं पान ठेवलं, सवयीनं टीव्हीचं बटण दाबलं.

"आगं बया! आत किती लगबग चाललीया की!"

मुबीननं रांगेतल्या पुढच्याला हाक मारली. मला तोंड नाही, ही माझी सोय.

त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. पान दर खेपेला जास्त पिवळं, पडदा तेवढाच हिरवा.

"शिवपुत्र म्हनतोय, खराटा झालाय त्येचा. मी म्हनलं, मशिनीपरास तू शाना हायस व्हय?"

माझ्या साक्षीवर ही बाई पोटच्या पोराला खोटं पाडत होती. दुखऱ्या गुडघ्यांनी, भर उन्हाळ्यात, मेलेल्या झाडाला कळश्या ओतत होती. मला माझ्या चकचकीत पितळेची लाज वाटली.

परवा आणलेलं पान हातातच चुरलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मावशी, चहाची पावडर आणली का?" सगळे हसले. पडद्यावर ठिपके खुशाल फिरत होते.

मुबीननं टीव्ही बंद केला. चुऱ्यातला एक तुकडा माझ्याखाली ठेवला. "मावशी, हितं डोळा लावा. हे तुमचं पान."

त्या वाकल्या. उद्घाटनानंतर पहिल्यांदाच मी कुणाला खरं दाखवलं: तपकिरी, रिकामी घरं, रांगेनं. एकातही कुणी नाही.

बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग सगळा चुरा रुमालात गोळा केला.

"वाळला तरी बेल म्हादेवाला चालतोय," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आन् मुबीन, मग ते हिरवं कुनाचं व्हतं रं?"

मुबीन माझ्यावरची नसलेली धूळ पुसत राहिला.

आज टीव्ही पुन्हा सुरू आहे. शाळेची सहल आली आहे. तुम्ही आलात, तर पडद्याकडे पाठ करा आणि माझ्या नळीला डोळा लावा. काही दिसलं नाही, तर तसं मोठ्यानं म्हणा. मला लाज वाटेल. वाटू द्या.