स्वतःविरुद्धची हरकत

आनंद जाधव दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत आणि जिन्यात कुणी विचारलंच, तर ठरलेलं उत्तर देत, "जरा नातेवाइकांकडे." सन दोन हजार चार. हिंजवडीच्या कंपनीत बऱ्या पगाराची नोकरी, कर्वेनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट. आडनावावरून कुणाला शंका येत नव्हती. कुणी धर्म विचारला नाही आणि आनंदरावांनी सांगितला नाही. बायबलच्या वचनांचं कॅलेंडर बेडरूमच्या कपाटात आतल्या बाजूला लावलेलं होतं.

अशाच एका रविवारी चर्चमध्ये उपासना संपताना पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "मंडळीचे नवे वडील म्हणून श्री. आनंद जाधव यांचं नाव आलं आहे. कुणाची हरकत असल्यास पुढच्या रविवारच्या आत लेखी कळवावी."

वडील म्हणजे मंडळीचा जबाबदार माणूस. आजाऱ्यांना भेटायचं, दुःखाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची. आनंदरावांना तरुणपणापासून याच सेवेची ओढ होती. देव आपल्याला बोलावतोय, असं प्रार्थनेला बसलं की आजही वाटायचं. पण आपलं नाव ऐकून त्यांना घाम फुटला, कारण दोन बाकं पुढे कौशल्याबाई लोंढे बसल्या होत्या.

कौशल्याबाई निवृत्त परिचारिका. दोन वर्षांपूर्वी त्या आनंदरावांच्या सोसायटीत भाड्याने जागा बघायला आल्या होत्या. गळ्यात क्रूस होता. अध्यक्ष श्यामसुंदर म्हणाले, "माणूस चांगला असेल हो, पण ख्रिश्चन नकोत. उद्या घरात प्रार्थनासभा भरवतील. जाधव, तुम्ही सेक्रेटरी, जागा नाही म्हणून पत्र देऊन टाका." आणि आनंदरावांनी दिलं! स्वतः ख्रिस्ती असून, कॉम्प्युटरवर नीट समास सोडून टाइप केलं आणि स्वतःच्या हाताने बाईंना नेऊन दिलं. पुढे वर्षभराने त्याच बाई त्यांच्या चर्चला येऊ लागल्या. तेव्हापासून उपासना संपली, की आनंदराव मागच्या दाराने सटकत.

बुधवारी संध्याकाळी ते पाळकसाहेबांकडे गेले आणि एक कागद पुढे केला. त्यात घडलेलं सगळं लिहिलं होतं आणि शेवटी, 'सबब श्री. आनंद जाधव या सेवेस अपात्र आहेत.' खाली सही त्यांचीच.

"स्वतःविरुद्धच हरकत?" पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "आमच्याकडे हरकतीला साक्ष लागते, आनंदराव. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांची सही आणा. मग मी नाव मागे घेतो."

आनंदरावांनी कागद घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी ते गेले. खडकवासल्याच्या रस्त्याला एका खोलीत कौशल्याबाई राहत होत्या. त्यांनी कागद सावकाश वाचला.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हाचं पत्रही छानच होतं."

"तुम्ही मला ओळखलं होतंत?"

"पहिल्याच रविवारी. आणि तेव्हा राग दुप्पट झाला. इतरांनी नाही म्हटलं, त्याची सवय आहे हो. पण आपल्याच माणसानं? कर्वेनगरात एक आजी अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं सगळं मी करते. म्हणून तिथे जागा हवी होती. दोन वर्षं रोज दोन बस बदलून जातेय. गुडघे गेले माझे."

आनंदरावांना वर बघवेना. "म्हणूनच म्हणतो, मी लायक नाही. करा सही."

"नाही करत. कागदात खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"तुम्ही लायक नाही म्हणून मागे सरताय, हे. वडील झालात, तर नाव सगळीकडे होईल, सोसायटीला कळेल. घाबरलाय तुम्ही! आणि भीतीवर नम्रतेचं पांघरूण घालताय."

खरं होतं ते. आनंदरावांना आतून लाज वाटली, पण आपलं दुखणं कुणीतरी अचूक ओळखल्यासारखंही वाटलं.

कौशल्याबाईंचा आवाज खाली आला. "चाळीस वर्षं दवाखान्यात काढली मी. माझे हात जन्मतः स्वच्छ नव्हते. प्रत्येक पेशंटकडे जाण्याआधी धुवावे लागायचे. हात मळलेत म्हणून ड्यूटी नाकारली असती, तर जखमा कुणी बांधल्या असत्या? देवाला सगळं ठाऊक आहे, तरी तो बोलावतोय. तुम्ही आधी हात धुऊन या."

शनिवारी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. चर्चा पाण्याच्या टाकीवर चालली होती. आनंदराव उभे राहिले.

"मी ख्रिस्ती आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी लोंढेबाईंना मी खोटं पत्र दिलं. जागा होती. ते पत्र मागे घ्यावं, अशी माझी विनंती आहे."

श्यामसुंदर म्हणाले, "अहो जाधव, हे आधी सांगायचं होतंत!"

"आधी सांगितलं असतं, तर मला तरी जागा दिली असतीत का?"

तळमजल्यावरच्या दुर्गाबाई म्हणाल्या, "मग आपण सगळेच चुकलो. बाईंना पुन्हा अर्ज करायला सांगा. बघू कोण नाही म्हणतं ते." दोघेतिघे तावातावाने उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून एका शेजाऱ्याने बोलणंच टाकलं. तेही आनंदरावांनी मुकाट्याने सोसलं.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

कौशल्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आनंदरावांनी डोळे मिटले.

"होती," बाई म्हणाल्या. "पण काल रात्री जाधवांनी फोन करून सभेतलं सगळं सांगितलं. आज माझी हरकत नाही."

"आनंदराव, हे पाचारण स्वीकारता?"

"मी लायक नाही, हे आजही खरं आहे," ते म्हणाले. "तरी स्वीकारतो."

अपराधाची बोच गेली नाही. दोन वर्षांचे बाईंचे गुडघे कुणी परत देणार नव्हतं. पण ती बोच आता त्यांना मागच्या दाराकडे ढकलत नव्हती.

वाचकहो, धर्म कुठलाही असो, 'मी त्या योग्यतेचा नाही' असं म्हणून चांगल्या कामातून अंग काढून घेणं फार सोपं असतं. पण आपण ज्याचं वाईट केलं, त्याच्या दारात आधी जावं. खरं बोलावं आणि चूक निस्तरावी. त्यानंतरही बोलावणं आलं, तर नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरत नाही.