पीतांबराच्या पिवळ्याखाली

गोरखने गाडीभोवती दोनदा चक्कर मारली, वाकून सायलेन्सर बघितला आणि उठताना म्हणाला, "मॅडम, ही गाडी हाय का गणपतीचं मखर?"

प्रतिक्षाने हसल्यासारखं केलं. रंग तिच्या मामाने दिला होता. दत्तामामाचा हमरापूरला मूर्तींचा कारखाना. भाचीची गाडी विकायची म्हटल्यावर त्याने ती आठवडाभर ठेवून घेतली, टाकी उतरवली आणि पीतांबराला वापरतो त्याच पिवळ्याने सगळी फ्रेम रंगवून दिली. टाकीवर सोन्याची एक बारीक रेघसुद्धा ओढली. "विकायची हाय ना? मग नवरीसारखी पाठव," असं त्याचं म्हणणं.

ही डर्ट बाईक तिने कॉलेज संपल्यावर जुनीच घेतली होती. उंच, सडपातळ, मोठ्या चाकांवर उभी. वडील तिला 'उंट' म्हणायचे. भातं कापून झाली की गडबच्या मोकळ्या शेतांत पोरं ट्रॅक आखतात, तिथे रविवारी ही एकटी मुलगी हेल्मेट घालून उतरायची. दिवाळीच्या सुट्टीत तिची एक उडी चुकली आणि पुढचं चाक सरळ बांधावर जाऊन आदळलं. रिम वाकली, पुढच्या फोर्कमधून, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधून, तेल गळायला लागलं. पेणच्या प्रविण मेकॅनिकने रिम सरळ केली, गळती थांबवली आणि सांगितलं, "हे फोर्क तुझ्या उड्यांना पुरायचे नायत. मोठ्या गाडीचे आलेत माझ्याकडं. बसवून टाकू. नायतर विक आणि मोठीच घे." आज सकाळी त्याचा फोन आला होता, "संध्याकाळपर्यंत काय ते सांग, दुसरं गिऱ्हाईक हाय."

धाटावच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत प्रतिक्षा एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळ्या जशाच्या तशा ठेवायची. गाडीच्या बाबतीत मात्र तिचं मनच रोज बदलत होतं. गोरख त्याच कंपनीत माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होता, कंत्राटावर. गाडी विकायची आहे हे कळलं त्या दिवशीच तो 'मी घेतो' म्हणाला होता. तिने त्याला दोनदा बोलावलं आणि दोनदा ऐन वेळी 'थांब जरा' म्हणून कळवलं.

"आज मागं फिरायचं नाय," तो आता म्हणाला. रोह्यात कुंडलिकेच्या पुलाजवळ, चहाच्या टपरीसमोर ते उभे होते. "डोंगरावर आमच्या उंबरवाडीत सगळ्यांना सांगून बसलोय."

"नाही फिरत." मग तिला राहवेना. "गोरख, एक गोष्ट. येताना नागोठण्याला ब्रेक दाबला तेव्हा हॅण्डलपाशी टिक असा आवाज आला. बेअरिंग जुनं झालं असेल. बदलून घे."

"माझ्या गाडीचा तर सगळीकडूनच आवाज येतो." त्याने आपल्या जुन्या गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "आईला दाखवून आणतो. ती हो म्हणाली की झाला व्यवहार. तोवर माझी म्हातारी तुमच्याकडं गहाण."

त्याने प्रतिक्षाचं हेल्मेट घातलं आणि एका किकमध्ये गाडी सुरू झाली. पिवळा ठिपका पुलावरून पलीकडे गेला तेव्हा प्रतिक्षाला हाक मारावी असं वाटलं. तिने चहा मागवला.

चहा संपता संपता मामाचा फोन आला.

"काय गो, गेली का नवरी?"

"घेऊन गेलाय दाखवायला. मखर म्हणाला तुझ्या रंगाला."

मामा खूष झाला. "म्हणणारच! अगो, तो तडा कुठं होता ते तुला तरी सापडलं का?"

"कसला तडा?"

"तोच गो. हॅण्डलच्या मागं, टाकीच्या पुढच्या तोंडाशी. टाकी काढली तेव्हा दिसला. पुट्टी भरली, घासली, वर दोन हात मारले. सोंडेला तडा जातो तेव्हा करतो तसं. कुणाच्या बापाला कळायचं नाय."

प्रतिक्षा उठून उभी राहिली. पडल्यानंतर तिने चाक बघितलं होतं, फोर्क बघितले होते. टाकीच्या पुढे चिखल वाळून बसला होता, तिथे तिने हात लावला नव्हता.

"मामा, नीट सांग. रंगाला तडा होता की लोखंडाला?"

"आता तडा म्हणजे तडा. मी काय लोखंडाला विचारलं?"

"नख अडकत होतं का त्यात?"

"नख?" मामा हसला. "ब्लेडचं पातं जात होतं. म्हणून तर पुट्टी भरायला लागली."

नागोठण्याचा तो 'टिक' तिला पुन्हा ऐकू आला. बेअरिंगचा नव्हता तो.

तिने गोरखला फोन लावला. वाजलाच नाही. उंबरवाडीत एका चिंचेखाली उभं राहिलं तरच रेंज मिळते, हे कॅन्टीनमध्ये त्यानेच सांगितलं होतं. पैसे टपरीवर टाकून तिने त्याच्या गाडीला किक मारली. पुन्हा मारली. गाडी खोकली आणि बंद पडली. टपरीवाला म्हणाला, "चोक ओढा, ताई. ती त्याच्याशिवाय उठत नाय."

रस्त्याला लागल्यावर तिने स्वतःला विचार करायला लावलं. तडा फ्रेमच्या वरच्या नळीला आहे, हॅण्डलच्या लगेच मागे. चढताना भार मागच्या चाकावर असतो, पुढचा ब्रेक लागत नाही. म्हणजे वर जाताना ती नळी टिकेल. टिकायला हवी. धोका उतरताना. उतारावर सगळा भार पुढे येतो, पुढचा ब्रेक दाबला की चाक मागे ढकललं जातं आणि वरची नळी ताणली जाते. तडा तिथेच उघडतो. ती एकटी पेणहून रोह्यापर्यंत आली ती सपाट डांबरावरून, आणि एवढ्यातच नळीचा आवाज झाला होता.

म्हणजे तो वाडीत आहे तोवर ठीक. तो खाली यायला निघायच्या आत पोचायला हवं.

गाडी पळेना. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी एक ट्रॅक्टर बराच वेळ तिच्या पुढेच राहिला. पुढच्या ब्रेकचा दांडा दोनदा ओढल्याशिवाय धरत नव्हता. मागच्या कॅरिअरला सुतळीचा जाड वेढा आणि रिकामं गोणपाट बांधलेलं होतं, ते वाऱ्याने तिच्या कमरेवर फटफट आपटत होतं. रात्रपाळी संपवून हा माणूस रोज याच गाडीने डोंगर चढतो, असा विचार तिच्या मनात आला. ती त्या चढाच्या नुसत्या विचाराने घाबरली होती, आणि तो गाडीचं नाव 'म्हातारी' ठेवून मोकळा झाला होता.

डांबर संपलं. तांबडी माती, मग वहाळ. पाणी आटलेलं होतं, पण गोटे तेवढेच बुळबुळीत. पलीकडे वाट एकदम वर उठली. तिने पहिला गिअर टाकला, दोन्ही पाय जमिनीला लावत, गाडीला अर्धं चालवत आणि अर्धं ढकलत ती चढायला लागली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कारवीचं रान आणि त्याखाली दरड.

अर्ध्या चढावर तिने इंजिन बंद केलं, कारण वरून आवाज येत होता. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

पहिला विचार आला तो गाडी वाटेवर आडवी घालायचा. तिने हॅण्डल वळवलंसुद्धा. पण आडवी गाडी बघून माणूस काय करतो? दोन्ही ब्रेक करकचून दाबतो. आपण त्याला थांबवायला जे करू, त्यानेच ती नळी तुटेल.

तिने म्हातारीला कातळाला टेकवून वाट पूर्ण मोकळी केली. वरच्या वळणावर पिवळा रंग दिसला. गोरखच्या मागे त्याची आई बसली होती, आवडी, दोन्ही पाय एका बाजूला, एका हाताने मुलाचा खांदा धरून. डोक्यावर प्रतिक्षाचं हेल्मेट.

प्रतिक्षाने हात वर केले. "गोरख! मागचा ब्रेक! फक्त मागचा! पुढचा दाबू नको!"

त्याने तिला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मग कठोर झाला. गाडीचा वेग कमी झाला नाही.

"परत मन बदललं व्हय?" तो ओरडला. "आता नाय द्यायचो!"

"फ्रेमला तडा आहे!"

"आता नवीन कारण!"

तो तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला. जाताना त्याची दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या दांड्यावर होती, ती तिने स्पष्ट बघितली. खालच्या वळणापाशी उतार सर्वात तीव्र होता, आणि तिथे कुठलाही शहाणा माणूस पुढचा ब्रेक दाबणारच.

ती पळत सुटली. पळताना तिला काय ओरडावं ते सुचेना. गोरख ऐकणार नव्हता. दोनदा फसवलेल्याने तिसऱ्यांदा का ऐकावं?

"मावशी!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "मावशी, गाडी तुटतेय! थांबवा त्याला!"

आवडीने वळून बघितलं. हेल्मेटमधून तिला किती ऐकू आलं कोण जाणे, पण पोरीचं तोंड तिला दिसलं. तिने गोरखच्या पाठीत एक बुक्का घातला. मग दुसरा.

"थांब रं मुडद्या! पोर जीव टाकतीय मागं!"

"आये, पाडशील!"

"पाय दाब, हात नको दाबू! ती तसंच सांगतीय!"

मागचं चाक घासत गेलं. गाडी तिरकी झाली, मातीचा लोट उठला आणि वळणाच्या अलीकडे, कारवीत पुढचं चाक घुसवून ती उभी राहिली. आवडी उतरली नाही, घसरलीच. बसल्या जागी तिने आधी लुगडं सारखं केलं आणि मग हेल्मेट काढलं.

गोरख उतरला तो प्रतिक्षाच्या अंगावरच आला. "द्यायची नाय तर नाय म्हणा ना! म्हाताऱ्या माणसाला तुमच्याकडंच घेऊन उतरतोय मी, आणि तुम्ही..."

प्रतिक्षाने खिशातून म्हातारीची किल्ली काढली, टाकीच्या पुढे वाकली आणि पिवळ्या रंगावर जोरात ओरखडा मारला. रंगाची पापडी उडाली. दुसऱ्या ओरखड्याला पांढरी भुकटी पडायला लागली.

"हे काय?" गोरख म्हणाला.

"पुट्टी."

"लोखंडात?"

"मामाने भरली. तो मूर्ती करतो. त्याला वाटलं..." तिने वाक्य सोडून दिलं. "तू मागून गाडी पुढे ढकल. मी ब्रेक धरते. हळू."

त्याने ढकललं. तिने पुढचा ब्रेक धरला. नळीवर काळी रेघ उमटली, ती रुंद झाली आणि आतलं गंजलेलं लोखंड दिसलं. टिक. गोरखने हात काढून घेतला तशी ती मिटली.

मग त्याने स्वतः पुन्हा ढकललं. पुन्हा ते तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. त्याने खालच्या वळणाकडे बघितलं, मग आईकडे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. आता कळलं, टपरीवर. पण पडल्यावर मी बघायला हवं होतं. चाक बघितलं, हे बघितलं नाही."

"आणि नसतं कळलं तर?"

प्रतिक्षा वाकून नळीवरची पांढरी भुकटी पुसायला लागली.

आवडी गुडघ्यावर हात ठेवून उठली. भेगेपाशी जाऊन तिने बोट फिरवलं. "रंग लय झ्याक दिलाय पण," ती म्हणाली. "घरातलं मडकं तडकलं की पाणी तरी गळतं. ह्यातनं काय गळायचं, आमीच गळालो असतो."

गोरखला हसू आलं आणि त्याचा त्यालाच राग आला. "आता काय करायचं हिचं?"

प्रतिक्षा सकाळपासून विकायची की मोठे फोर्क बसवून ठेवायची या दोनच वाटा बघत होती. "वेल्डिंग करून देणारे भेटतील," ती म्हणाली. "पण त्यावर मी बसणार नाही आणि कुणाला बसू देणार नाही. फ्रेम पूर्ण बदलायला हवी. फ्रेमवर गाडीचा नंबर असतो, म्हणजे आरटीओच्या खेपा आल्या. वेळ लागेल."

"म्हणजे आज नाय."

"आज नाही."

"तिसऱ्यांदा," तो म्हणाला. पण या वेळी आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता.

त्यांनी गाडी चालत खाली न्यायचं ठरवलं. गोरखने हॅण्डल धरलं, प्रतिक्षाने मागून सीटची पट्टी धरून भार ओढून ठेवला, पुढचा ब्रेक कुणीही दाबला नाही. आवडी पुढे चालत होती, हेल्मेट हंड्यासारखं डोक्यावर उपडं ठेवून. वळणावर दरडीच्या कडेने चाकाखालचा एक गोटा निसटला आणि कारवीतून खाली जाताना त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वहाळाच्या पलीकडे रेंज आली. प्रविणचा फोन होता.

"मग? फोर्क ठेवू का देऊ?"

"देऊन टाक."

"विकली म्हणजे?"

"नाही. फ्रेम तुटलीय. अशाच गाडीची फ्रेम बघ माझ्यासाठी. आणि बांधावर आदळलेली नको."

गोरख वहाळातल्या खडकावर बसून पायातला काटा काढत होता. फोन संपल्यावर तो मान वर न करता म्हणाला, "मॅडम, फ्रेम आली की मला सांगा. मी घेईन. पण रंग देऊ नका. तशीच आणा, लोखंड दिसेल अशी."

"मामाला वाईट वाटेल," ती म्हणाली.

"वाटू दे," आवडी पलीकडून म्हणाली. "त्याला म्हणावं, आमच्या गणपतीला ये."

मग प्रतिक्षाला आठवलं की म्हातारी अजून वरच कातळाला टेकलेली आहे आणि तिची किल्ली आपल्याच खिशात आहे. ती गोरखला दिल्यावर मायलेक वर गेली, आणि पिवळ्या गाडीपाशी एकटी थांबून तिने टाकीच्या पुढची उरलेली पुट्टी नखाने सगळी काढून टाकली.