बोडीवरची बाग

मित्रांनो, मी एक म्हातारी बोडी आहे. धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, पाणी देणारा छोटा तलाव, तीच बोडी. पण आज या म्हातारीचे पाय जमिनीवर नाहीत! माझ्या शेजारी झोपाळे बसताहेत झोपाळे!

माझ्या मालकीणबाई सुशीलाबाई, त्यांच्या आजेसासऱ्यांनी मला खोदलं, तेव्हा गोंदिया शहर दूर होतं. मी धान पिकवलं, शिंगाडे दिले, म्हशींना डुंबू दिलं. काय माझा तोरा होता! मग शहर वाढत वाढत कामठ्याच्या रस्त्यानं माझ्यापर्यंत आलं. बांध्यांचे प्लॉट झाले आणि लोक माझ्यात कचरा टाकू लागले. फार वाईट वाटायचं.

उन्हाळ्यात मात्र मजा असे. मी आटले, की सुशीलाबाईंची नात हर्षा टोळी घेऊन माझ्यात क्रिकेट खेळायला येई. मोहल्ल्यात दुसरी मोकळी जागाच उरली नव्हती.

गेल्या मे महिन्यात बागेसाठी जागा शोधत इंजिनिअर इंद्रकुमार साहेब आले. कोरडी बोडी पाहून त्यांना वाटलं, आयतं मैदान मिळालं! पोरं म्हणाली, सपाट करून द्या. नातीच्या हौसेपायी सुशीलाबाईंनीही मान डोलावली. आणि मी? बाग होणार म्हणून मीही खूश! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे! सपाट करणं म्हणजे मुरूम टाकून मला बुजवणं, हे मला मागाहून कळलं.

काम रखडलं. पावसानं मी भरले. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया वाजतगाजत आल्या. टोपलीत उगवलेली गव्हाची पिवळी रोपं, म्हणजे भुजल्या, त्या माझ्याच पाण्यात शिरवतात, म्हणजे विसर्जित करतात. पुढे सुशीलाबाई होत्या. पाहतात तर पाळीवर, म्हणजे माझ्या काठच्या बांधावर, मुरुमाचा ट्रक!

"हे काऊन?" त्यांनी जाब विचारला.

"माताजी, गार्डन बन रहा है," ट्रकपाशी उभे असलेले इंद्रकुमार म्हणाले. "आपने ही तो हाँ कहा था."

"मी मैदान म्हटली होती! बोडी बुजवा कोन म्हटलं? भुजल्या का तुमच्या बाकड्यावर शिरवाच्या आमी?"

बाया ट्रकसमोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात हर्षा रडवेली होऊन म्हणाली, "आजी, मंग आमी खेळाचं कुठी?"

सुशीलाबाईंनी पाळीपलीकडे नजर टाकली. माझा जीव टांगणीला लागला. पोरीचंही खरं होतं ना!

"पाळीले लागून आमची वरची बांधी हाये," त्या शेवटी म्हणाल्या. "प्लॉट पाडाले ठेवली होती. ते घ्या बागेले. झुले तिथं लावा. उन्हाळ्यात बोडी हायेच पोट्ट्यांची."

मित्रांनो, मला नाचता येत असतं तर त्याच क्षणी नाचले असते! इंद्रकुमार साहेबांनी नकाशा नव्यानं आखला. वरच्या बांधीत झोपाळे आणि घसरगुंडी, पाळीवर फिरायची वाट, मधोमध मी. माझ्यातला कचराही उपसला. उद्या बाग उघडणार आहे आणि मला धीर धरवत नाही!

तुम्हांलाही खेळायला जागा हवी असेल. हक्कानं मागा, बाळांनो. फक्त एखादी जागा रिकामी दिसली, तर लगेच तिच्यावर मोजणीची टेप लावू नका. एकदा पावसाळ्यात तिला भेटून या.