सायकल स्टँडचं चित्र

शर्मिलाने माउंटबोर्डमध्ये चौकोनी खिडकी कापून काढली, ब्लेड पाटावर ठेवलं आणि बापाकडे चित्र मागितलं. शनिवारची सुट्टी होती, आणि तासभर ती जमिनीवर वाकून बसली होती. फ्रेम पुसून तयार होती, काच स्वच्छ होती, चित्र मागून अडकवायला पातळ कागदाच्या पट्ट्या होत्या आणि वाटीत खळ होती. चित्र काचेला टेकता कामा नये, कागदाला हवा लागली पाहिजे, असं कला महाविद्यालयातल्या नंदा मॅडमनी फोनवर तीनदा बजावलं होतं. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं आणि चित्र पोचवायला बुधवारपर्यंतची मुदत होती.

संभाजीने कपाटातून चित्र आणलं. बरेच दिवस दडवून ठेवलेली गोष्ट आज दाखवायला मिळणार, म्हणून तो खुशीत होता.

"घे. आता पन्नास वर्षं त्याच्याकडे बघायला नको," तो म्हणाला.

चित्र लॅमिनेट केलेलं होतं.

गेल्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली, तेव्हाच त्याने ते काम उरकून घेतलं होतं. दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी करून तो निवृत्त झाला होता, आणि कागद सांभाळायचा असतो हे त्याला नोकरीनेच शिकवलं होतं. जातीच्या दाखल्याला वाळवी लागली म्हणून त्याचं प्रमोशन तीन वर्षं अडलं होतं. कचेरीत खेटे घालून घालून त्याने दुसरा दाखला मिळवला, आणि खडकी बाजारात लॅमिनेशनचं मशीन आलं तेव्हा रांगेत पहिला तो उभा राहिला. मुलीची दहावीपासूनची सगळी गुणपत्रकं, बायकोचा जन्मदाखला, स्वतःचं निवृत्तीचं पत्र, सगळं प्लास्टिकमध्ये गेलं. रेशनकार्ड तेवढं वाचलं, कारण त्यावर शिक्के मारून घ्यावे लागत. या सगळ्यात मुलीचं चित्र उघडं राहावं, हे त्याला बरोबर वाटेना.

चित्र कारखान्याच्या सायकल स्टँडचं होतं. आत फोटो काढायला बंदी, म्हणून शर्मिलाने ते बापाकडून ऐकून ऐकून काढलं होतं. कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी तिने ते जस्ताच्या पत्र्यावर कोरलं, अॅसिडमध्ये बुडवलं आणि छपाईच्या प्रेसखाली हातकागदावर त्याच्या चार प्रती काढल्या. तीन इकडे तिकडे गेल्या. उरली ती ही. नंतर चार वर्षं ती या ना त्या शाळेत तासांवर चित्रकला शिकवत फिरली, आणि मग हिंजवडीत कंपनी मिळाली. आता परदेशातल्या कुठल्याशा बँकेच्या वेबसाइटवरची बटणं ती काढायची. सकाळी सातची बस, घरी यायला रात्रीचे नऊ. पगार चांगला होता आणि घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं.

तिने चित्राच्या कडेवरून अंगठा फिरवला. प्रेसखाली पत्र्याच्या कडा कागदात रुततात आणि बोटाला लागेल असा उठाव राहतो. मशीनच्या उष्णतेने तो इस्त्री केल्यासारखा बसला होता. काळा रंग प्लास्टिकला चिकटून एकसारखा चकाकत होता.

संभाजीला तिच्या अंगठ्याकडे बघूनच काहीतरी चुकल्याचं कळलं.

"असू द्या बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे माहीत होतं?"

तिने ब्लेड कागदात गुंडाळलं, खळ मोरीत ओतली, काच आणि फ्रेम पलंगाखाली सरकवली आणि आडवी झाली. दोन मिनिटांत तिला झोप लागली.

संभाजी चित्र पिशवीत घालून तडक खडकी बाजारात गेला. लॅमिनेशनवाल्या रज्जाकने ते उलटंसुलटं करून पाहिलं. प्लास्टिक काढलं तर कागदही त्याच्याबरोबर येईल, असं त्याने सांगितलं. संभाजीने पुन्हा विचारलं, काहीच उपाय नाही का.

"काका, निघत नाही म्हणूनच तर लोक करून घेतात," रज्जाक म्हणाला.

संभाजीने चित्र पुन्हा पिशवीत घातलं. तो चालतच परत आला. दारात चपला काढताना स्वयंपाकघरातलं बोलणं त्याच्या कानावर पडलं. शर्मिला उठली होती आणि आईला मेथी निवडू लागत होती. मॅडमना आता काय सांगणार, असं ललिता विचारत होती.

"चित्र खराब झालं म्हणून सांगेन. खरंच आहे ते." मग पुढची जुडी ओढत ती म्हणाली, "बरं झालं गं. सुटले एकदाची."

संभाजी तिथेच उंबऱ्यावर बसला. लहानपणी हिची पेन्सिल कुणी तासली तरी ही दिवसभर तोंड फुगवून बसायची. आज तिच्या हातचं शेवटचं चित्र बापाने घालवलं होतं आणि ही मेथी निवडत होती. तिने आरडाओरडा केला असता तर त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. हे शांत बोलणं त्याला ऐकवेना. त्याला भीती वाटली, आणि ती चित्राबद्दलची नव्हती.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्याने माळ्यावरून एक गाठोडं काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. वर जुनं धोतर होतं, त्याखाली मेणकागद. मेणकागद सुटला तसा ग्रीसचा वास आला.

आत जस्ताचा पत्रा होता.

"हा मी भंगारात द्यायला सांगितला होता," शर्मिला म्हणाली.

"सांगितला होतास. नाही दिला. दरवर्षी दिवाळीच्या आधी पुसायचा, ग्रीस लावायचं. कागदातलं मला कळत नाही, पण पत्रा कसा ठेवायचा ते कळतं." त्याने पत्रा तिच्याकडे सरकवला. "यावरून पुन्हा निघेल ना?"

इतक्या वर्षांनंतर आपला हात बसणार नाही, असं ती म्हणाली. प्रेस कुठून आणायचा, असं म्हणाली. प्रेस मॅडमकडे आहे, त्याने आठवण करून दिली. बुधवारपर्यंत कागद भिजवून, छापून, वाळवून होणार नाही. एक रजा काढ, तो म्हणाला. रजा मिळत नाही, ती म्हणाली, आणि कपाकडे बघत राहिली. तिचा चेहरा रोज बसमधून उतरताना असतो तसाच होता. हे सगळं कशासाठी करायचं, असंच तिला विचारायचं असावं.

त्याने फडक्याने ग्रीस टिपून काढलं आणि पत्रा खिडकीशी नेऊन तिच्यापुढे तिरपा धरला. सायकलींच्या रांगा, छापाच्या उलट्या दिशेने, उजळल्या. शर्मिलाने नाइलाजाने पाहिलं. मग जरा पुढे वाकून पाहिलं. मग पत्रा त्याच्या हातातून काढून घेतला आणि डाव्या कोपऱ्यावरून नख फिरवलं.

"इथे काय केलंत?"

"पांढरे डाग आले होते. झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारला जरासा."

"पॉलिश पेपर?" तिचा आवाज चढला. "बाबा, हे आकाश होतं! दोन रात्री जागून एकेक छटा बसवली होती मी. कुणी सांगितलं होतं हात लावायला? विचारायचं तरी होतंत! सगळं घासून ठेवलंत. आता हा कोपरा मला नव्याने करायला लागणार, अॅसिड कुठून आणू मी? प्रत्येक गोष्टीत तुमचं आपलं..."

ती थांबेना. एका हाताने पत्रा उजेडात धरून दुसऱ्या हाताने ती ड्रॉवरमध्ये भिंग शोधत होती, आणि प्रत्येक वाक्यागणिक ड्रॉवर आपटत होती.

ललिता लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "अहो, काय झालं? का ओरडतेय ती?"

"ओरडू दे," संभाजी म्हणाला आणि गार झालेला चहा प्यायला.