वाढत्या अंगाचा कोट

मित्रांनो, वयाने मी जुना आहे आणि वापराने जवळजवळ कोरा. हसू नका. असं कसं झालं, तेच सांगायला मी आतुर झालो आहे. मधूनमधून गोष्ट तुटेल, कारण कपाटाचं दार बंद झालं की मला काही दिसत नसे.

मी पिवळाधमक लोकरी कोट. सहा मोठी बटणं, दोन खोल खिसे. एका लांबलचक शेडमध्ये एकीने माझ्या बाह्या जोडल्या, दुसरीने कॉलर. बटणं लावणाऱ्या बाईने मला झटकलं आणि म्हणाली, "जा बाबा, कुणाला तरी ऊब दे." माझं शिक्षण एवढंच.

दुकानाच्या काचेमागे मी अख्खा हंगाम उभा होतो. लोक किंमत वाचत आणि पुढे जात. मग एका सकाळी माझ्या डोक्यावर लाल पाटी लागली. निम्मी किंमत! काय सांगू! कापड तेच, बटणं तीच, पण आता हातच हात! कुणी कॉलर ओढतंय, कुणी खिसा चाचपतंय. मीही फुशारलो.

"आपण मोजे घ्यायला आलोय," एक बाई म्हणाली. मोठ्याने, बहुधा स्वतःलाच बजावत. ती पोस्टात शिक्के मारायची. हात फार पक्का.

"मोजे कुठे पळून चाललेत?" तिची थोरली बहीण म्हणाली. "हा बघ. निम्म्यात."

"ताई, काडीला याचा तंबू होईल."

"वाढतं अंग आहे तिचं. उलट चार वर्षं बघायला नको."

तेवढ्यात तिसऱ्याच एका बाईने माझी दुसरी बाही धरली. झालं! पोस्टातला पक्का हात असा आवळला की मी थेट पिशवीत. मोजे राहिलेच.

बाह्या: बोटांच्याही पुढे

काडी म्हणजे त्या पोस्टातल्या बाईची मुलगी. अंगावर मांस नाही, पण उत्साह दोघींना पुरेल इतका. तिने मला घातलं, गिरकी घेतली, माझ्या लोंबत्या बाह्यांनी मावशीला दोन फटके दिले.

"उद्या शाळेत घालू?"

"वर्गात हसतील. पुढच्या वर्षी," आई म्हणाली.

काडीचा रोजचा स्वेटर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कोपरावर विरलेला, आतलं कोपर दिसणारा. बाहेर थंडी कडाक्याची. मी तिला म्हणणार होतो, की घाल गं मला तसाच, बाह्या दुमड आणि

(कपाट बंद. इथे एक वर्ष अंधार.)

बाह्या: बोटांच्या टोकांपर्यंत

"जवळजवळ आला की," काडी म्हणाली.

"जवळजवळ म्हणजे नाही."

आणि माझ्या शेजारी एक निळा कोट आला. माझ्याहून मोठा, तोही निम्म्यात. "याच्यानंतरची सोय," मावशीने समजावलं. निळ्याने मला विचारलं, इथे किती दिवस राहावं लागतं? मी म्हटलं, थोडेच.

(कपाट बंद. पुन्हा अंधार, पण आता दाटीवाटीचा.)

बाह्या: बरोबर मनगटावर

मित्रांनो, वरची ओळ पुन्हा वाचा! बरोबर मनगटावर! काडीने सहाही बटणं लावली, दोन्ही हात खिशांत घातले, आणि मला कळलं की खिसे कशासाठी असतात.

आई कौतुकाने बघत राहिली. "किती छान दिसतोय गं. असा नवाकोरा रोज शाळेत घालून मळवायचा का? कुठे चांगल्या ठिकाणी जाताना घाल."

त्या हिवाळ्यात चांगलं ठिकाण आलंच नाही. काडी शाळेत स्वेटरवरच जायची. दाराआडून मला तिच्या शिंका ऐकू येत.

(अंधार. याबद्दल मी काही बोलत नाही.)

बाह्या: मनगटाच्या वर, चांगली चार बोटं

भल्या सकाळी मावशी दारात हजर. "चला लवकर, सूट आज संपतेय."

काडीने कपाट उघडलं. काडी कसली, आता चांगली ताडमाड झाली होती. तिने मला ओढून काढलं आणि अंगात घुसवलं. बटणं लागेनात.

"काढ तो. लहान झालाय तुला," आई म्हणाली.

"झाला. पण मी घातला कधी?"

मावशीच बोलली, "अगं, लोक काय म्हणतील?"

"विचारलं तर सांगेन, मावशी. निम्म्या किमतीत मिळाला, म्हणून निम्माच घातलाय."

मावशीला हसू आवरेना. आई हसली नाही. पण काढ असंही पुन्हा म्हणाली नाही.

आणि मी रस्त्यावर! वारा! कुत्र्यांचं भुंकणं! बस सुटत होती, काडी धावली, दांडी पकडायला हात वर केला आणि माझी काखेतली शिवण टर्रकन उसवली. माझी पहिली उसवण! मला ओरडून सगळ्या बसला दाखवावीशी वाटली.

आईने त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग एकदम उठली.

"उतरा."

"अगं, दुकान अजून लांब आहे," मावशी म्हणाली.

"घरी निळा आहे, ताई. तो हिला आज बसेल. आणखी थांबलो तर तोही जाईल हातचा."

त्या दिवशी आम्ही दुकानात पोचलोच नाही. निळा दुपारीच बाहेर पडला. संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या खिशात बसची तिकिटं होती आणि बाहीवर शाईचा डाग. किती मिरवत होता!

मित्रांनो, लाल पाटी दिसली की तुमचं मन हुरळेल. माझंही हुरळतं. पण पाटीला किंमत ठाऊक असते, तुमचं अंग नाही. आज घालणार असाल तरच आम्हाला घरी न्या, आणि नेलंत तर मळवा, उसवा, शिवा. कपाटात जपलेला कोट कुणालाच ऊब देत नाही.

आईने माझी काख शिवली आहे. आत्ता मी तिच्या हातावर आहे, वरच्या मजल्यावरच्या छोटीच्या दारात. "आज बसतो का बघू," आई म्हणते. छोटी हात घालते. बाह्या बरोबर मनगटावर! जपून घाल, असं म्हणायला आई तोंड उघडते, पण छोटी तोवर अर्धा जिना उतरली आहे. एक बटण लागलंय, पाच राहिलीत, खाली कुणीतरी चेंडू घेऊन उभं आहे आणि मी