सारख्या वेगाचे दोघे

पाच वर्षं धाकटा भाऊ सायकलच्या शर्यतीत उतरत होता आणि घरात त्याचा एक धड फोटो नव्हता, ही ताईची जुनी खंत. फोटो ढीगभर होते, पण कशात मागचं चाक, कशात नुसतं हेल्मेट, आणि एकात तर निव्वळ रिकामा रस्ता. "ताई, तू माझा नाही, मी गेल्याचा फोटो काढतेस," असं म्हणून तो हसायचा.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायची. आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. लग्न झालं तशी ती त्याला बोटाला धरूनच सासरी आली आणि नवऱ्याने कधी ब्र काढला नाही. टेम्पो चालवणारा साधा माणूस, पण मेहुण्याला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्या एका गोष्टीसाठी ताई त्याचे हजार अपराध पोटात घालायला तयार होती.

दुकानात एक म्हातारे काका चष्म्याची दांडी सरळ करून घ्यायला आले. वर्तमानपत्रात जन्मभर फोटो काढून निवृत्त झालेले. ताईने धीर करून त्यांना आपलं रडगाणं सांगितलं.

"शटर किती ठेवतेस?" काकांनी विचारलं.

"सेकंदाच्या हजाराव्या भागावर. म्हणजे फोटो हलत नाही."

"मग पळणारी सायकल आणि भिंतीला टेकवलेली सायकल, यात फरक काय राहिला? शटर तीसवर आण."

"तीसवर सगळं फिसकटेल की हो!"

"फिसकटू दे. फक्त तो फिसकटायला नको. पाय रोवून उभी राहा, कोपरं बरगड्यांना चिकटव आणि कमरेतून वळ. तो लांब असतानाच त्याला धर, त्याच्या वेगाने फिरत राहा, बटण दाबल्यावरही फिरत राहा. चेंडू बॅटला लागल्यावर बॅट तिथेच थांबते का?"

उन्हात उजेड फार झाला तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, शंभरवर आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, सोळापर्यंत बारीक, फोकस सतत पाठलाग करणारा. हे सगळं त्यांनी दुकानाच्या पावतीमागे लिहून दिलं. शेवटी म्हणाले, "कॅमेऱ्याच्या वेगाने जे चालतं ते स्पष्ट उमटतं. बाकीचं पुसलं जातं. एवढंच आहे हे शास्त्र."

दोन महिने ताई रोज कामावरून सुटली की चौकात उभी राहायची. शाळेची व्हॅन, दूधवाला, जो दिसेल त्याच्यावर सराव. एक पोस्टमन रोज त्याच वेळी सायकलवरून जायचा. चौथ्या दिवशी तो उतरलाच. "बाई, साहेबांनी माझ्या पाळतीवर ठेवलंय का तुम्हाला?" ताईला हसू आवरेना. बोलता बोलता कळलं, पोस्टातलं त्याचं काम हंगामी होतं आणि तोही शर्यतीत उतरणार होता. तिचा पहिला खणखणीत फोटो त्या पोस्टमनचाच आला. मागची दुकानं रंगांचे पट्टे झालेली आणि त्याच्या खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याची भोकंसुद्धा मोजून घ्यावीत इतकी साफ.

यंदाची शर्यत मोठी होती. जिंकणाऱ्याला खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी. आदल्या संध्याकाळी ताईने नेहमीसारखं धाकट्याच्या पोटऱ्यांना तेल चोळलं. "तू शेवटच्या रेषेवर थांब हं," तो म्हणाला. नवऱ्याला लांबचं भाडं होतं, तो पहाटेच टेम्पो घेऊन बाहेर पडला.

काकांचा सल्ला मात्र वेगळा होता. "रेषेवर सगळी गर्दी असते. चढावर जा, तिसऱ्या वळणावर. तिथे चिटपाखरू नसतं आणि मागे दाट झाडी आहे." धाकट्याला चकित करायचं म्हणून ताई न सांगताच तिकडे गेली.

धाकटा एकटाच सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या पलीकडून एक टेम्पो जात होता. स्पर्धकांना पाणी देणारा असेल, असं तिला वाटलं. तिने फोकसचा ठिपका धाकट्याच्या हेल्मेटवर धरला, कमरेतून वळली, बटण दाबलं, वळत राहिली. सहा फोटो. तो दिसेनासा झाल्यावर तिने स्क्रीन बघितली आणि आनंदाने तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. झाडीचे हिरवे फराटे, आणि त्यात धाकटा, कोरून काढल्यासारखा. चेहरा बघायला तिने फोटो मोठा केला.

त्याचा डावा हात हँडलवर नव्हता. टेम्पोच्या मागच्या फळीची साखळी त्या हातात होती. टेम्पोही तितकाच स्पष्ट आला होता, कारण तो त्याच वेगाने चालला होता. मडगार्डवरचा पोचा तिच्या ओळखीचा होता. खिडकीतून मान बाहेर काढून, मागे बघत, तिचा नवरा हसत होता.

ताई रस्त्याकडेच्या दगडावर बसली. पाठोपाठ पोस्टमन आला, तोंड उघडं टाकून, पेडल जिवाच्या आकांताने दाबत. त्याच्यावर कॅमेरा उचलायचंही तिला सुचलं नाही.

धाकटा पहिला आला, पोस्टमन दुसरा. घरी हार, हसणं, शेजारपाजार. सगळे गेल्यावर ताईने कॅमेरा दोघांपुढे ठेवला.

धाकट्याचा चेहरा उतरला. "दोनच वळणं गं ताई. पाय भरून आले होते."

"पोराच्या जन्माचं कल्याण होतंय," नवरा म्हणाला. "सगळेच करतात. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"पहिल्यांदाच केलंत?"

धाकटा हळूच म्हणाला, "भाऊजींनी गेल्या वर्षीही... आणि त्याआधी एकदा."

"म्हणून मला दर वेळी रेषेवर उभं करत होतात?"

नवऱ्याने मान फिरवली. "तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का?"

दोन वर्षं ती त्या रेषेवर घसा फोडून ओरडली होती. तिच्याच घरात, तिच्याच ताटात जेवून, दोघांनी तिला गर्दीतली एक बाई करून टाकलं होतं.

"पुसून टाक ना ते," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईने सहाच्या सहा फोटो शर्यतीच्या सचिवांच्या टेबलावर ठेवले. लेखी तक्रारीवर सही केली. आठवड्याभरात निकाल फिरला आणि नोकरी पोस्टमनला गेली. तो पेढे घेऊन दुकानात आला, पण ताईला पुडा हातात घेववेना.

"घराचा घात केलास," नवरा एवढंच म्हणाला आणि त्यानंतर कामापुरतं बोलू लागला. धाकटा मित्राच्या खोलीवर राहायला गेला. कपडे न्यायला आला तेव्हा ताईने त्यांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. तो काहीतरी बोलेल म्हणून ती दारात अडून राहिली.

"तू तिथे असशील असं वाटलंच नव्हतं मला," तो म्हणाला. चुकलो म्हणाला नाही. पिशवी उचलून जिना उतरून गेला.

इतके दिवस ताई रडली नव्हती. त्या दिवशी मात्र तिने दार लावून घेतलं आणि नवरा येईपर्यंत उघडलं नाही.