भुकटीची खोली

सकाळपासून सरूबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. तव्यावर भाकरी टाकली की अंगणात, अंगणातून मागच्या दाराला, तिथून पुन्हा चुलीपाशी. भाकरी करपली ती करपलीच. सगळ्याला कारण एकच, घराला लागून लेकीनं बांधलेली ती राखाडी विटांची, बिनगिलाव्याची खोली. आज लोणावळ्याहून एक माणूस ती बघायला येणार होता आणि तो वाटेतच कुठंतरी हरवावा असं सरूबाईला मनापासून वाटत होतं.

लेक अमृता डिप्लोमा झालेली. तळेगावात साइटवर चांगली नोकरी होती, ती सोडून तिनं हे खूळ घेतलं होतं. क्रशरवर दगड फोडताना भुकटी उरते, तिचे ढीग टेकडीएवढे होतात आणि फुकटसुद्धा कुणी उचलत नाही. कामशेतकडच्या भाताच्या गिरण्यांतून तुसाची राख निघते, तीही उकिरड्यावर जाते. ही दोन टाकाऊ पोरकी चुन्यात कालवायची, मशीनखाली दाबायची आणि वीट पाडायची. भट्टी नको, लाकूड नको, शेताची माती खरवडायला नको. पहिल्या विटा चहातल्या बिस्किटासारख्या विरघळल्या, दुसऱ्यांना तडे गेले. पोरगी हटली नाही. आता वीट जमली होती आणि पहिली खोली तिनं बापासाठी बांधली होती. जुन्या घराचा पत्रा उन्हाला तापतो, तिथं बाबांचा जीव घाबरतो. ही खोली गार राहील, त्यांना रात्री शांत झोप लागेल, असं तिचं म्हणणं.

म्हणणं रास्तच होतं. पण ही भुकटी सरूबाईची जुनी वैरीण होती.

तिचा नवरा जानू उभा जन्म क्रशरवर राबला. संध्याकाळी घरी यायचा तो नखशिखांत पांढरा होऊन. सरूबाईचा कायदा कडक होता, उंबऱ्याच्या आत कण येता कामा नये. कपडे अंगणातच उतरवायचे. ती ते झाडायची, दगडावर आपटायची, त्याच्या डोक्यावर तांब्या तांब्यानं पाणी ओतायची आणि मगच त्याला आत घ्यायची. थंडीतसुद्धा. शेजारणी हसायच्या, "सरू, नवरा हाय का खरकटं पातेलं?" जानूही हसायचा आणि मुकाट भिजायचा. एवढं करून भुकटी त्याच्या छातीत जाऊन बसलीच. दारातून अडवली ती नाकातून शिरली. आता चार पावलं टाकली की त्याला धाप लागायची आणि दिवसभर तो पडवीतल्या खाटेवर उशीला टेकून बसायचा. आपलंच कुठंतरी कमी पडलं, असं सरूबाईला वाटे. त्यात काही अर्थ नव्हता, पण वाटे.

आणि आता त्याच माणसाला त्याच भुकटीच्या चार भिंतींत निजवायचं!

तिनं तिच्या परीनं इलाज काढला. भिंती उभ्या राहिल्यापासून ती सकाळ-संध्याकाळ नळी लावून त्या धुवायची. काथ्यानं कोपरे घासायची. सगळी भुकटी सुटून वाहून जावी, एवढाच तिचा हेतू. दगडाच्या भिंतीतून दगड धुऊन निघतो होय? पण सरूबाईपुढं हे बोलायची छाती कुणाची?

झालं भलतंच. या विटांना ओलावा लागतो, जितकं पाणी माराल तितक्या त्या घट्ट होतात. परवा अमृतानं हातोडीनं भिंत ठोकली तर खणखणीत आवाज आला. तिनं आईला मिठीच मारली. "आई, तू इतकं मन लावून पाणी मारलंस म्हणून गं! पैसे देऊनसुद्धा कुणी मारलं नसतं." पोरीचे डोळे भरून आले होते. सरूबाईनं हातातला काथ्या पदराआड लपवला. वैरिणीला मारायला गेले आणि तिलाच खाऊपिऊ घालून बसले, असं तिला झालं. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

पाहुणा वाटेत हरवला नाही. राजेंद्र त्याचं नाव, भुशीच्या बाजूला त्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्यानं भिंतीवर थापा मारल्या, गाडीच्या किल्लीनं वीट खरवडून पाहिली, मान डोलावली.

"वीट चांगली आहे, मॅडम. पण मला लोक विचारणार, यात कुणी राहतं का? काय मावशी, झोपता का तुम्ही इथं?"

"बाबा झोपणार आहेत," अमृता घाईनं म्हणाली. "भिंतींना सगळं पाणी आईनंच मारलंय." आणि तिनं आईकडं पाहिलं. हो म्हण, एवढंच त्या बघण्यात होतं.

सरूबाईला खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. वेळ पडली तर तिनं अख्खा गाव गुंडाळला असता. पण हे खोटं तिच्या घशाखाली उतरेना.

"न्हाई झोपत कुनी," ती म्हणाली. "आन पानी मारत नव्हते मी. धूत व्हते. ह्या भुकटीनं माज्या मानसाची छाती खाल्ली. तिला घरात घेऊ व्हय मी?"

अमृताचा चेहरा पडला. "आई, अगं ती आता विटेत बांधली गेलीये. उडत नाही. काळं फडकं फिरवून दाखवलं ना तुला, कण तरी लागला का त्याला?"

"तुजं फडकं ठेव तुज्यापाशी!"

राजेंद्रनं मोबाइल काढला, फोन करतो म्हणाला आणि गाडीकडं वळला. पडवीत खाट करकरली तेव्हा मायलेकींनी मान वळवली. ज्याच्या झोपेवरून एवढं रामायण चाललं होतं, त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

जानू उठला होता. खांबाला धरत, थांबत थांबत तो खोलीपर्यंत आला आणि भिंतीला तळहात लावून उभा राहिला. श्वास पुरेना, म्हणून तो तुकड्यातुकड्यानं बोलला.

"सरे... आपल्याच खाणीचा दगड हाय ह्यो. निळी झाक हाय बघ."

"आवं, हात काढा तिथनं!"

"समदा दगड माजा रस्त्याला गेला. लोणावळ्याला बंगल्यांत गेला, हॉटेलांत गेला." तो दम खायला थांबला. "घरात मातर तू कण येऊ दिला न्हाईस."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, सरूबाईनं उलटं उत्तर दिलं असतं. पण तो नुसता सांगत होता. "आज हितंच निजनार मी," म्हणाला आणि आत जाऊन जमिनीवर बसला.

सरूबाईला तिथंच रडू फुटलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण ह्याच्या अंगावरचं मरण धुतोय. त्याला मात्र रोज संध्याकाळी वाटत होतं, दिवसभराचे आपले कष्ट बायको गटारात सोडतेय. आणि बिचारा मुकाट भिजत होता.

दिवस कलायच्या आत तिनं त्याचं अंथरूण खोलीत नेलं. अमृता हात लावायला आली, तर तिला डोळ्यांनीच बाजूला केलं. अंथरूण भिंतीपासून हातभर लांब घातलं, पाहिलं, पुन्हा आणखी वीतभर ओढलं. मग स्वतःचं कांबळं आणलं आणि अंथरूण आणि भिंत यांच्यामधल्या जागेत पसरलं.

"आई, तिथं ओल आहे अजून," अमृता म्हणाली.

"आसू दे. भिंतीकडंला मी निजते."